पोटावरची चरबी आणि पोटातली चरबी

वर्तमानपत्रात किंवा मोबाइलच्या पडद्यावर एक जाहिरात तुमच्या पाहण्यात आली असेल. डावीकडे पोट सुटलेला एक गृहस्थ, उजवीकडे तोच गृहस्थ सपाट पोटाचा, आणि खाली मजकूर असा, की पथ्य नको, व्यायाम नको, चरबी एका दिवसात बाहेर. ही जाहिरात ज्या शस्त्रक्रियेची असते तिला लायपोसक्शन म्हणतात. ‘लिपोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ चरबी आणि ‘सक्शन’ म्हणजे शोषण. त्वचेला लहानसे छिद्र पाडून त्यातून पोकळ नळी आत सारायची व चरबी ओढून बाहेर काढायची, अशी ही क्रिया आहे.

पूर्वी ही शस्त्रक्रिया बहुतांशी स्त्रिया करून घेत. आता पुरुषही तिच्याकडे वळत आहेत. तुमच्या ओळखीचे एखादे काका किंवा व्यायामशाळेतला एखादा दादा तिच्याविषयी बोलत असेल. अशा वेळी त्यांना एक प्रश्न जरूर विचारावा. नळीने ओढून काढायची ती चरबी नेमकी कोणती? पुरुषांच्या बाबतीत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. ते का, हे या लेखात पाहू.

मेदपेशी : शरीराची कोठारे

चरबी म्हणजे शरीरातील केरकचरा, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. चरबी हा ऊर्जेचा साठा आहे. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९. म्हणजे तेवढ्याच वजनात दुपटीहून अधिक ऊर्जा साठवता येते. हा साठा मेदपेशींमध्ये असतो. सूक्ष्मदर्शकातून मेदपेशी पाहिली, तर जवळजवळ सारी जागा चरबीच्या एका मोठ्या थेंबाने व्यापलेली दिसते आणि बिचारे केंद्रक कडेला ढकलले गेलेले असते. आपण गरजेपेक्षा जास्त खाल्ले की हा थेंब फुगतो. उपास पडला किंवा श्रम झाले की तो आक्रसतो.

मग लठ्ठ होताना पेशी फुगतात, की त्यांची संख्या वाढते? हे शोधण्यासाठी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील कर्स्टी स्पाल्डिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठी नामी युक्ती योजली. १९५५ ते १९६३ या काळात वातावरणात झालेल्या अणुबाँबच्या चाचण्यांमुळे हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण बरेच वाढले. १९६३ च्या करारानंतर अशा चाचण्या बव्हंशी थांबल्या आणि हे प्रमाण वर्षागणिक घटत गेले. हवेतील कार्बन वनस्पतींत जातो, तेथून अन्नात आणि अन्नातून आपल्या पेशींच्या डीएनएमध्ये. पेशी जन्मते तेव्हाच तिचा डीएनए तयार होतो. म्हणून डीएनएमधील कार्बन-१४ मोजला, की पेशी साधारण कोणत्या साली जन्मली ते कळते.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातून असे दिसले, की मेदपेशींची संख्या बालपणी व किशोरवयात वाढते आणि प्रौढपणी जवळपास स्थिर राहते. प्रौढपणी दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात व तेवढ्याच नव्या जन्मतात. म्हणजे किती कोठारे बांधायची हे बरेचसे तुमच्या वयातच ठरते. पुढे मुख्यतः ती कमी-अधिक भरतात.

दोन ठिकाणचा साठा

आता पोटाचा आडवा छेद डोळ्यांसमोर आणा. सर्वांत बाहेर त्वचा. तिच्या खाली चरबीचा थर. त्याखाली पोटाच्या स्नायूंची भिंत. भिंतीच्या आत उदरपोकळी, आणि तिच्यात जठर, आतडी, यकृत इत्यादी इंद्रिये. या इंद्रियांच्या अवतीभोवती, आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यांमध्येही चरबी साठते.

म्हणजे चरबी दोन ठिकाणी आहे. एक भिंतीबाहेरची, त्वचेखालची. दुसरी भिंतीच्या आतली, इंद्रियांभोवतीची. पहिलीला आपण ‘पोटावरची’ व दुसरीला ‘पोटातली’ चरबी म्हणू. पुरुषाच्या एकूण चरबीपैकी साधारण १० ते २० टक्के चरबी पोटातली असते. स्त्रीमध्ये हे प्रमाण साधारण ५ ते ८ टक्के असते. स्त्रियांची चरबी प्रथम नितंब व मांड्यांवर साठते. यामागे स्त्री व पुरुष यांच्या संप्रेरकांतील फरक हे एक मोठे कारण आहे. पाळी जाण्याच्या वयानंतर स्त्रियांचीही चरबी पोटाकडे वळू लागते.

हा नुसता जागेचा फरक नाही. आतड्यांभोवतीच्या चरबीतून निघालेले रक्त थेट यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत येते. त्यामुळे तेथून सुटलेली मेदाम्ले यकृताला सर्वांआधी पोहोचतात. ही चरबी वाढली, की इन्सुलिनचा परिणाम कमी होऊ लागतो आणि मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांचा धोका वाढतो. याउलट जपानमधील सुमो मल्लांचे उदाहरण पाहा. त्यांचे पोट केवढे तरी मोठे असते. पण रोजच्या कठोर सरावाच्या काळात त्यांची बरीचशी चरबी त्वचेखाली असते, पोटाच्या आत त्या मानाने कमी असते. त्या काळात त्यांच्या रक्तातील साखर व चरबी त्यांच्या आकारमानावरून वाटते तितकी बिघडलेली आढळत नाही.

आपल्या दृष्टीने आणखी एक उदाहरण महत्त्वाचे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपला एकत्र फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकाच मापाने तोलत होता, आतला ऐवज मात्र निराळा होता. भारतीय माणूस अंगाने सडपातळ दिसूनही चरबीने भारी असू शकतो, हे त्या एका चित्राने दाखवले.

नळी कशी आली?

चरबी शस्त्राने काढण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये शार्ल द्युजारिए या शल्यचिकित्सकाने एका नर्तिकेच्या पायांची चरबी खरवडून काढण्याचा प्रयत्न केला. त्यात रक्तवाहिनीला इजा झाली, पाय सडू लागला आणि अखेर तो कापावा लागला. यानंतर बरीच वर्षे या वाटेला फारसे कोणी गेले नाही.

१९७४ मध्ये रोम येथे आर्पाद फिशर व त्यांचे चिरंजीव जॉर्जो फिशर यांनी पोकळ नळी व शोषणयंत्र यांचा मेळ घातला. १९७७ मध्ये पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांनी बोथट टोकाची नळी वापरून एका तरुणीच्या पाठीवरील चरबीची गाठ लहानशा छिद्रातून काढली. बोथट टोकाचा फायदा असा, की रक्तवाहिन्या व चेतातंतू कापले न जाता बरेचसे बाजूला सरतात.

तरीही रक्तस्राव ही मोठी अडचण होतीच. चरबी कोरडी ओढली, तर बाहेर येणाऱ्या द्रवात २० ते ४५ टक्के रक्तच असे. कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी १९८५ च्या सुमारास यावर उपाय काढला व १९८७ मध्ये तो प्रसिद्ध केला. आधी त्वचेखाली भरपूर मीठपाणी भरायचे. त्यात लिग्नोकेन हे भुलीचे औषध अगदी पातळ करून घालायचे आणि साधारण दहा लाख भागांत एक भाग ॲड्रेनॅलीन मिसळायचे. ॲड्रेनॅलीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, लिग्नोकेनमुळे वेदना थांबते आणि पाण्यामुळे चरबीचा थर फुगून सैल होतो. या पद्धतीत रक्ताचे प्रमाण सुमारे १ टक्क्यावर आले. आजची बरीचशी लायपोसक्शन याच तत्त्वावर होतात.

यातील भौतिकशास्त्रही पाहू. पंप चरबीला खेचतो असे आपण म्हणतो. खरे तर पंप नळीतील हवा काढून घेतो आणि बाहेरचा हवेचा दाब चरबीला नळीत ढकलतो. हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ७६० मिलिमीटर उंचीइतका असतो. यंत्र कितीही महागडे असो, त्याला याहून जास्त जोर लावता येत नाही. ताक नळीने सहज ओढता येते, श्रीखंड ओढता येत नाही. चरबी तर श्रीखंडाहूनही हट्टी, कारण ती तंतूंच्या जाळीत अडकलेली असते. म्हणून शल्यचिकित्सकाला नळी पुढेमागे फिरवून ती मोकळी करावी लागते. पुरुषांच्या छातीत व कमरेच्या बाजूंना हे तंतू विशेष चिवट असतात. तेथे वेळ व ताकद जास्त लागते.

भिंतीपलीकडे काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या ध्यानात आले असेल. नळी फिरते ती त्वचा व स्नायूंची भिंत यांच्या मधल्या थरात. पोटातल्या चरबीपर्यंत ती जात नाही आणि जाऊही नये. भिंत भेदून नळी आत गेली, तर आतड्याला भोक पडून जिवावर बेतू शकते.

चाळिशीतल्या ज्या पुरुषाचे पोट नगाऱ्यासारखे टणक व पुढे आलेले असते, त्याच्या पोटाचा फुगवटा बराचसा आतल्या चरबीचा असतो. त्याने लायपोसक्शन करून घेतले, तरी फुगवटा राहतोच. चिमटीत येण्याजोगी चरबीच थोडी असेल, तर नळी काढणार काय?

आणि बाहेरची चरबी पुष्कळ काढली, तर प्रकृती सुधारते का? अमेरिकेतील सेंट लुईस येथील सॅम्युएल क्लाइन (हे वर उल्लेखिलेल्या क्लाइन यांच्याहून वेगळे) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ लठ्ठ स्त्रियांची तपासणी केली. प्रत्येकीची सरासरी ९ ते १० किलो चरबी लायपोसक्शनने कमी झाली होती. १० ते १२ आठवड्यांनी पाहिले, तर इन्सुलिनचा परिणाम, रक्तदाब, रक्तातील साखर व चरबी यांत सुधारणा झालेली नव्हती. हा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. एवढीच चरबी आहार व व्यायामाने घटली असती, तर या साऱ्या मापांत सहसा सुधारणा दिसते. कारण तेव्हा पोटातला साठाही वापरला जातो, यकृतातील चरबी घटते आणि उरलेल्या पेशी आकाराने लहान होतात. नळी पेशींची संख्या घटवते. उरलेल्या पेशी जशाच्या तशा भरलेल्या राहतात.

काढलेली चरबी परत येते का?

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात तेरी हर्नांडेझ व सहकाऱ्यांनी लठ्ठ नसलेल्या ३२ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाच्या नितंब व मांड्यांची चरबी काढली, दुसऱ्याची नाही. एका वर्षाने दोन्ही गटांतील एकूण चरबीत फरक उरला नाही. मांड्या बारीकच राहिल्या. पण गेलेली चरबी पोटाच्या भागात येऊन बसली. हे संशोधन २०११ चे आहे.

२०१२ मध्ये ब्राझीलच्या साव पावलो विद्यापीठातून याहून बोलके उत्तर आले. ३६ निरोगी स्त्रियांच्या पोटावरची थोडी चरबी काढल्यावर काहींना नियमित व्यायाम दिला, काहींना दिला नाही. सहा महिन्यांनी व्यायाम न करणाऱ्यांच्या पोटातली चरबी सुमारे १० टक्के वाढली होती. व्यायाम करणाऱ्यांत ही वाढ झाली नाही.

हे तीनही अभ्यास स्त्रियांवरचे आहेत, हे लक्षात ठेवा. पण पुरुषाच्या शरीराचा कल मुळातच पोटात चरबी साठवण्याकडे असतो. तेव्हा ‘व्यायाम नको’ हे जाहिरातीचे शब्द पुरुषाने अधिकच सावधपणे वाचले पाहिजेत.

मग ही शस्त्रक्रिया निरुपयोगी म्हणायची का? तसे मुळीच नाही. वजन आटोक्यात व स्थिर आहे, प्रकृती चांगली आहे, त्वचा लवचीक आहे आणि कमरेच्या बाजूंना किंवा हनुवटीखाली चरबीचा एखादा फुगवटा व्यायामाने हटत नाही, अशा पुरुषाला तिचा फायदा होतो. चरबीच्या गाठी काढण्यासही ती उपयोगी पडते. ती आकार सुधारण्याची शस्त्रक्रिया आहे. लठ्ठपणावरचा इलाज नाही.

मुलांच्या छातीविषयी दोन शब्द

हा भाग मुलांनी मुद्दाम वाचावा. वयात येताना, विशेषतः तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास, निम्म्या किंवा त्याहून अधिक मुलांच्या स्तनाग्राखाली बटणासारखी घट्टसर, दुखरी गाठ येते. कधी एका बाजूला, कधी दोन्ही. याला गायनेकोमास्टिया म्हणतात. संप्रेरकांचा तोल या वयात तात्पुरता डळमळतो, म्हणून हे होते. बहुतेकांच्या बाबतीत सहा महिने ते दोन वर्षांत ही गाठ आपोआप विरते. शाळेत यावरून एखाद्या मुलाची टिंगल होते, मग तो शर्ट काढायला, पोहायला, कबड्डी खेळायला लाजतो. टिंगल करणाऱ्यांपैकी निम्मे त्याच वाटेवर असतात, हे वर्गात स्पष्ट सांगितले गेले तर फार बरे होईल.

गाठ फार कडक असेल, झपाट्याने वाढत असेल, तीतून स्राव येत असेल किंवा दोन वर्षांनंतरही टिकली असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. या वयात घाईने शस्त्रक्रिया करत नाहीत. शिवाय ही गाठ ग्रंथीची असते, चरबीची नव्हे. ती नळीत ओढली जात नाही. बहुधा कापूनच काढावी लागते. छातीवर नुसती चरबी असेल, तर गोष्ट वेगळी.

आणखी एक इशारा. शरीर पिळदार व्हावे म्हणून काही व्यायामशाळांतून कृत्रिम पुरुषी संप्रेरकांची इंजेक्शने व गोळ्या दिल्या जातात. शरीर यांतील काही संप्रेरकांचे रूपांतर स्त्रीसंप्रेरकात करते आणि छाती वाढते. ज्या व्यंगासाठी शस्त्रक्रिया करावी लागते, ते अशा रीतीने विकत घेतलेले असते.

धोके आणि विचारायचे प्रश्न

छिद्र लहान असले, तरी आत जखम मोठी असते. सूज, काळेनिळे डाग व बधिरपणा हे नेहमीचेच. काही आठवडे घट्ट पट्टा घालावा लागतो आणि खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात. क्वचित त्वचा खडबडीत होते किंवा जंतुसंसर्ग होतो. पायातील शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे, चरबीचे कण रक्तात शिरणे, इंद्रियाला भोक पडणे हे धोके विरळा. पण प्राणघातक आहेत.

लिग्नोकेनचाही हिशोब चोख हवा. क्लाइन यांच्या पातळ द्रावणासाठी दर किलो वजनामागे ३५ मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा सुरक्षित मानली गेली. ७० किलोच्या माणसासाठी ती ७० × ३५ = २,४५० मिलिग्रॅम होते. मात्र हे औषध रक्तात सावकाश उतरते आणि त्याचे प्रमाण सुमारे १२ तासांनी कमाल होते. म्हणजे रुग्ण घरी जाऊन झोपला असतानाही त्रास उद्भवू शकतो. एका वेळी ५ लिटरपेक्षा जास्त द्रव काढला, तर ते मोठे लायपोसक्शन मानतात. अशा रुग्णाला रात्रभर देखरेखीखाली ठेवणे योग्य असते.

शस्त्रक्रिया करून घेऊ इच्छिणाऱ्याने पुढील प्रश्न विचारावेत :

१. शल्यचिकित्सकाने प्लास्टिक सर्जरीचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे का? वैद्यक परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का?

२. भूल कोण देणार? प्राणवायू, अतिदक्षता विभाग यांची सोय जवळ आहे का?

३. माझ्या पोटाचा फुगवटा बाहेरच्या चरबीचा आहे, की आतल्या?

४. किती लिटर काढणार? रात्री देखरेख कोण ठेवणार?

५. मी घेत असलेली औषधे, ॲस्पिरिन, व्यायामशाळेतील पावडरी यांपैकी काय बंद करावे? (हे काही न लपवता सांगावे. धूम्रपान तर आधी काही आठवडे थांबवावेच.)

शस्त्रक्रियेनंतर धाप लागणे, पोटरी सुजून दुखणे, ताप किंवा पोटात तीव्र वेदना यांपैकी काहीही झाले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

करून पाहा

साहित्य : शिंप्याची टेप, वही, पेन्सिल. घरातील मोठ्या पुरुषाची संमती घ्या. त्यांना ताठ उभे करा. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर टेप धरा व श्वास सहज सोडल्यावर माप घ्या. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटिमीटर व स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर ही सावधगिरीची रेषा मानतात. तुमच्या स्वतःच्या वयासाठी सोपा नियम असा, की पोटाचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा.

मग त्यांना बेंबीच्या बाजूची त्वचा स्वतःच्या चिमटीत धरायला सांगा. चिमटीत येते ती पोटावरची चरबी. घेर मोठा असून चिमटीत थोडेच येत असेल, तर बाकीचे कोठे आहे, याचा तर्क करा. ही ढोबळ परीक्षा आहे. निदान डॉक्टरच करतील.

स्वाध्याय

१. एक लिटर चरबीचे वजन सुमारे ०.९ किलो असते. नळीतून ५ लिटर द्रव निघाला व त्यात ३ लिटर चरबी होती, तर चरबीमुळे वजन किती घटले?

२. शरीरातील एक किलो चरबीच्या साठ्यात सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. वरील माणसाने नंतर रोज १०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या, तर कागदावरच्या हिशोबाने तेवढी चरबी किती दिवसांत परत जमेल?

३. अणुबाँबच्या चाचण्या झाल्याच नसत्या, तर स्पाल्डिंग यांना मेदपेशींचे वय याच रीतीने मोजता आले असते का? कारण द्या.

४. ‘चरबी एका दिवसात बाहेर’ ही जाहिरात खोटी आहे, की अपुरी? शिक्षकांनी यावर वर्गात चर्चा घडवून आणावी.